मंत्रीसाहेब, धुराचा अलार्म आधी बेडरूममध्ये हवा, लॉबीत नंतर

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
गुजरात राज्य, गांधीनगर

सप्रेम नमस्कार साहेब,

मी बडोद्याला मांजलपूरमध्ये राहते आणि आमच्या सोसायटीचे हिशोब बघते. पार्किंगवर सहा मजले, 24 फ्लॅट, 90च्या दशकातली बिल्डिंग, निम्म्याहून जास्त घरांत रिटायर्ड माणसं. फायर एनओसी रिन्यू करायची तर अलार्म सिस्टीम नवीन नियमांप्रमाणे करून घ्या असं आम्हाला सांगितलंय आणि त्याचं कोटेशन आलंय साडेचार लाखांचं. म्हणजे घरटी 18 हजार 750 रुपये. पंप, टाक्या, होजपाइप यांचं काम वेगळं, ते यात नाहीच.

आधीच स्पष्ट सांगते, नियम नकोत म्हणून हे पत्र नाहीये. या राज्यात राहून तसं कुणी कसं म्हणेल. 24 मे 2019ला सुरतच्या तक्षशिला आर्केडमध्ये 22 विद्यार्थी गेले, पोरं वरच्या मजल्यावरून उड्या मारताना आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. 6 ऑगस्ट 2020ला अहमदाबादच्या श्रेय हॉस्पिटलमध्ये आठ पेशंट गेले. 25 मे 2024ला राजकोटच्या गेम झोनमध्ये 27 माणसं, त्यात लहान मुलं, आणि त्या जागेला फायर एनओसीच नव्हती. कायदा 2013 पासून आहे साहेब, गुजरात फायर प्रिव्हेन्शन अँड लाइफ सेफ्टी मेझर्स अ‍ॅक्ट. त्यामुळे आता तपासणी कडक झाली तर चांगलंच झालं, मी त्याच्या बाजूने आहे.

माझं म्हणणं वेगळं आहे. आमच्याकडून जो पैसा घेतला जातोय तो चुकीच्या जागी लागतोय, आणि ज्यांना तो परवडत नाही त्यांच्यासाठी काहीच सोय नाहीये.

साडेचार लाखांत काय येणार ते मी नीट बसून समजून घेतलं. एक अ‍ॅड्रेसेबल पॅनल, म्हणजे नेमका कुठला डिटेक्टर वाजला ते स्क्रीनवर दाखवणारं. प्रत्येक मजल्यावर लॉबीत डिटेक्टर, हूटर, काच फोडून दाबायचं बटण, पॅनलची बॅटरी, सगळीकडून नवीन वायरिंग, त्यावर 18 टक्के जीएसटी, आणि पुढच्या वर्षीपासून एएमसी, म्हणजे वर्षाचा देखभालीचा करार. ज्या बिल्डिंगला एकच जिना आणि मजल्यावर चार दारं आहेत तिथे नेमका कुठला डिटेक्टर वाजला हे स्क्रीनवर बघायची खरंच गरज आहे का? कुठला मजला ते कळलं तरी पुरे, आणि ते साधं कन्व्हेन्शनल झोनवालं पॅनलसुद्धा दाखवतं. पण हे विचारायचं कुणाला? जो सिस्टीम विकतो तोच नियम समजावून सांगतो, दुसरं कुणी सांगायला नाही.

आणि मुख्य गोष्ट म्हणजे या सगळ्यात घराच्या आत एकही डिटेक्टर नाही. आग लागते कुठे साहेब? लॉबीत लागते का? आग लागते एसीच्या वायरिंगमध्ये, गीझरच्या प्लगमध्ये, फ्रिजच्या मागे, गादीवर रात्रभर चार्जिंगला लावलेल्या फोनमध्ये, गॅसजवळ विसरलेल्या फडक्यात. म्हणजे दाराच्या आत. धूर आधी बेडरूममध्ये भरतो, मग हॉलमध्ये आणि मग दाराच्या फटीतून लॉबीत येतो, तेव्हा कुठे आमचा महागडा डिटेक्टर वाजणार. तोवर आत झोपलेल्या माणसाचं काय झालं असेल? आगीत बहुतेक माणसं ज्वाळांनी नाही, धुराने आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडने जातात, आणि झोपेत धुराचा वास येऊन जाग येईल असं आपल्याला वाटतं पण तसं होत नाही, उलट माणूस अजून गुंगीत जातो. म्हणूनच अलार्म हवा, आणि तो झोपायच्या खोलीत हवा.

घरात लावायचा साधा बॅटरीवरचा स्मोक अलार्म ऑनलाइन हजार-दीड हजारात मिळतो. छताला दोन स्क्रू मारले की झालं, वायरिंग नाही पॅनल नाही. आवाज तीन मीटरवर 85 डेसिबल, बहुतेक झोपलेली माणसं उठतील. प्रत्येक घरात तीन लावले तरी आमच्या 24 घरांचा खर्च सव्वा लाखाच्या आत बसतो. साडेचार लाखांच्या सिस्टीमने जे होणार नाही ते यात होतं, म्हणजे ज्याच्या घरात धूर झाला त्यालाच सगळ्यात आधी कळतं. मोठी सिस्टीम नको असं नाही, उंच टॉवरना, हॉस्पिटलना, मॉलना ती हवीच. पण आमच्यासारख्या बिल्डिंगमध्ये आधी काय आणि नंतर काय हे कुणीतरी ठरवायला पाहिजे आणि ते तुम्हीच ठरवू शकता.

इथे एक गोष्ट बायका लगेच ओळखतील. मोहरी-मिरचीची फोडणी दिली की अलार्म बोंबलणार, संध्याकाळी देवापुढे उदबत्ती-धूप लावला की बोंबलणार, गणपतीत आरतीला कापूर पेटवला की बोंबलणार, आणि तिसऱ्या दिवशी घरातलं कुणीतरी स्टूलवर चढून बॅटरी काढून ठेवणार. हे अगदी खरं आहे आणि याच कारणाने कित्येक बिल्डिंगांमधले हूटर कायमचे बंद करून ठेवलेत. धूळ आणि झुरळं-किडे आत शिरले तरी डिटेक्टर उगाच वाजतात. दुसरं टोकही मी पाहिलंय, एका बिल्डिंगमध्ये डिटेक्टरवरचं प्लास्टिकचं धूळ-टोपण बसवल्यापासून काढलेलंच नव्हतं, म्हणजे धूर आत जाणारच नाही, आणि कागदावर सगळं ओके. म्हणून स्वयंपाकघरात धुराचा नाही तर उष्णतेचा अलार्म लावायचा, देवघर जिथे असेल तिथून धुराचा अलार्म लांब ठेवायचा, आणि महिन्यातून एकदा बटण दाबून बघायचं, दहा वर्षांनी अख्खा अलार्म बदलायचा. हे एवढं सोप्या गुजराती, हिंदी, मराठीत एका पानावर छापून घराघरांत दिलं पाहिजे. आयएस 2189 नावाचं स्टँडर्ड आहे ते इंजिनिअरसाठी आहे, त्यातून सामान्य गृहिणीला काय कळणार. आणि बाजारात जे स्वस्त अलार्म मिळतात त्यातला खरा कुठला आणि नुसता डबा कुठला, कुठला मार्क बघून घ्यायचा, हेही सरकारनेच सांगायला हवं, आज दुकानदार बोलेल तेच प्रमाण.

माझी भाची ब्रिस्बेनला असते, ती म्हणाली आमच्याकडे तर घरोघरी सक्ती आहे. मग मी वाचलं. क्वीन्सलँडमध्ये 2011 साली स्लॅक्स क्रीक नावाच्या ठिकाणी एका घराला रात्री आग लागली आणि एकाच कुटुंबाच्या गोतावळ्यातली 11 माणसं गेली. त्यानंतर त्यांनी नियम केला की प्रत्येक बेडरूममध्ये फोटोइलेक्ट्रिक, म्हणजे प्रकाशाच्या किरणाने धूर ओळखणारा, अलार्म हवा आणि सगळे एकमेकांना जोडलेले हवेत, एक वाजला की सगळे वाजले पाहिजेत. पण लोकांना वेळ किती दिला बघा. नवीन घरांना 2017 पासून, भाड्याच्या आणि विकायच्या घरांना 2022 पासून, आणि स्वतःच्या घरात राहणाऱ्यांना 1 जानेवारी 2027 पर्यंत. दहा वर्षं! स्कॉटलंडने फेब्रुवारी 2022 पासून सगळ्या घरांना जोडलेले अलार्म सक्तीचे केले, तीन बेडरूमच्या घराला साधारण 220 पौंड लागतील हा अंदाज सरकारनेच आधी जाहीर केला, आणि म्हाताऱ्या, अपंग, कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी बसवून द्यायची मदत ठेवली. तिथेही लोकांनी खर्चाबद्दल तक्रारी केल्याच, पण निदान खर्चाचा आकडा तरी सरकारने लोकांपुढे ठेवला. आम्हाला तर एजन्सी सांगेल तोच आकडा.

आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक काका-काकू आहेत. काका कारखान्यात होते, ईपीएस-95ची, म्हणजे पीएफवाल्या कर्मचारी पेन्शन योजनेची पेन्शन मिळते. या योजनेत किमान पेन्शन 2014 पासून महिना 1000 रुपये आहे, आणि काकांना त्याहून फारशी जास्त मिळत नाही. त्यांच्याकडे 18 हजार 750 रुपये वर्गणी मागायला मी कुठल्या तोंडाने जाऊ? त्यांनी नाही दिले तर बाकीच्यांनी वाटून भरायचे, मग ते नाराज, मग मीटिंगमध्ये भांडणं, आणि शेवटी सगळ्यात स्वस्त कोटेशनवाल्याकडून कसंतरी काम उरकून घेतलं जातं, बोर्डवर लाल दिवा लागला की फोटो काढून मोकळे. अशाने कुणाचा जीव वाचणार आहे?

साहेब, याच बडोद्याची एक गोष्ट तुम्हाला माहीत असणारच. सयाजीराव महाराजांनी 1893 साली अमरेलीत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करून बघितलं आणि 1906 साली संपूर्ण राज्यात केलं, आणि सक्ती केली तशी फीसुद्धा माफ केली. मूल शाळेत पाठवलं नाही तर दंड, पण शाळेचा खर्च राज्याचा. सक्ती करायची तर परवडण्याची जबाबदारीही सक्ती करणाऱ्याने घ्यायची, ही रीत या शहरात सव्वाशे वर्षांपूर्वी होती. मी फुकट मागत नाहीये, पण त्या दिशेने दोन पावलं तरी टाका.

आणि हे होऊ शकतं, कारण अलीकडेच झालंय. 2015 साली उजाला योजना आली तेव्हा एलईडी बल्ब दुकानात तीनशे-साडेतीनशेला होता, सरकारने एकदम कोट्यवधी बल्ब खरेदी केले आणि तो लोकांना 70-80 रुपयांत मिळायला लागला, वर वीजबिलात हप्त्याने पैसे भरायची सोय. त्याच पद्धतीने स्मोक अलार्म का नाही? राज्याने टेंडर काढून चांगल्या स्टँडर्डचे दहा वर्षं चालणारे बंद बॅटरीचे अलार्म लाखांनी घेतले तर भाव नक्की उतरेल, आणि एमजीव्हीसीएल या आपल्या वीज कंपनीच्या बिलात महिन्याला थोडे थोडे भरायचे असतील तर आमचे काकासुद्धा आनंदाने लावतील. शिवाय सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य आणि जीवन विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी काढून टाकलाय, फार चांगलं केलं. मग माणूस जिवंत ठेवणाऱ्या अलार्मवर 18 टक्के का? जीएसटी कौन्सिलमध्ये आपल्या राज्याचे मंत्री बसतात, हा मुद्दा गुजरातनेच मांडावा. महापालिकेत वेरा, म्हणजे घरपट्टी, आगाऊ भरला की सूट मिळते, तशी थोडी सूट घरात अलार्म लावणाऱ्यालाही द्या, लोक स्वतःहून लावतील, नोटिशीची गरजसुद्धा पडणार नाही.

अजून एक, आणि हे मला आमच्या बिल्डिंगपेक्षाही जास्त खुपतं. मांडवीच्या आसपासच्या पोळांमध्ये, म्हणजे दाटीच्या जुन्या वस्त्यांमध्ये, दांडिया बाजार-रावपुऱ्याच्या मागच्या गल्ल्यांमध्ये आपल्या लोकांची जुनी घरं आहेत, लाकडी जिने, लाकडी माड्या, वर पत्रे, भिंतीवर उघड्या वायरी, आणि बऱ्याच घरांत आता एकटी म्हातारी माणसं उरलीत. फायर स्टेशन दांडिया बाजारातच आहे, पण बंब त्या गल्लीच्या तोंडाशीच थांबणार, आत शिरणार कसा? या घरांची उंची कमी म्हणून त्यांच्याकडे एनओसी कुणी मागत नाही, नोटीस येत नाही, म्हणजे कुणाच्या हिशोबातच ती नाहीत. माझ्या सासूबाई अशाच एका घरात एकट्या राहायच्या आणि देवापुढचा दिवा रात्रभर तेवत ठेवायच्या, आम्ही किती वेळा सांगितलं तरी ऐकायच्या नाहीत. त्यांच्यासारख्या माणसाच्या पलंगावर छताला एक हजार रुपयांचा अलार्म असणं हे आमच्या लॉबीतल्या पॅनलपेक्षा जास्त गरजेचं आहे असं मला मनापासून वाटतं. इंग्लंडमध्ये फायर ब्रिगेडचे लोक अशा घरांत जाऊन बघतात आणि अलार्म फुकट बसवून देतात. आपल्या फायर ब्रिगेडला तेवढी माणसं द्या, सुरुवात बडोद्याच्या एका वॉर्डापासून करा, आमच्यासारखे रिटायर्ड लोक सोबत फिरायला तयार आहेत, घरं आम्हाला माहीत आहेत.

या पत्राची गुजराती प्रत तुमच्या कार्यालयाला पोस्टाने वेगळी पाठवतेय. आमच्या सोसायटीची जनरल मीटिंग पुढच्या महिन्यात आहे आणि त्यात ही वर्गणी पास करायची आहे. त्याआधी निदान दोन गोष्टी कळवा. आमच्यासारख्या सहा मजली बिल्डिंगला कन्व्हेन्शनल पॅनल चालेल की नाही ते लेखी, आणि आधी घराघरांत अलार्म लावून लॉबीची सिस्टीम दोन-तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने केली तर एनओसी अडवणार नाही ना, ते.

आपली नम्र,
मांजलपूर, बडोदा येथील एक रहिवासी