ओल्या फाट्या

ताई, नमस्कार.

हे पत्र तुमची लेक वाचून दाखवणार, म्हणून आधी तिलाच सांगतो. बाळ, मला लांबण लावायची सवय आहे. कंटाळा आला तर मधलं खुशाल गाळ. जळणाच्या फाट्यांचं तेवढं आईला नीट वाचून दाखव, त्यासाठीच लिहायला बसलोय.

ताई, संध्याकाळी तुमच्या दारात आलो तेव्हा आम्ही तुम्हाला मावशी म्हणालो. गडावर येणारा जो तो चहा देणाऱ्या बाईला मावशीच म्हणतो, मग ती त्याच्या लेकीच्या वयाची का असेना. आम्ही सत्तावन्न-अठ्ठावन्नचे, तुम्ही फार तर पंचेचाळीसच्या. रात्रीत कधीतरी मावशीची ताई झाली. कुणी ठरवलं नव्हतं.

गड उतरताना जो पडला, त्याला आम्ही खजिनदार म्हणतो. १९८८ च्या डिसेंबरात आम्ही पाच जण शिवाजीनगरहून एसटीनं निघालो, खुबी फाट्यावर उतरलो आणि खिरेश्वरवरून तोलार खिंडीनं पहिल्यांदा हरिश्चंद्रगड चढलो. सॅक एकाच्या मामाची, स्टोव्ह दुसऱ्याच्या आजीचा. रॉकेलचा कॅन वाटेत गळला आणि तांदूळ भिजले. खजिनदारानं एक दाणा टाकू दिला नाही. केदारेश्वराच्या गुहेबाहेर बसून आम्ही तो भात खाल्ला, आणि पुढं दोन दिवस कुणाला ढेकर आली की बाकीचे काडेपेटी लपवायचे. त्याच्या वहीत ती नोंद अजून आहे: 'रॉकेल २ लिटर. पैकी भातात अंदाजे पाव.'

ही वही तुम्ही पाहिलीत. पावसात भिजू नये म्हणून शर्टाच्या आत ठेवली होती, आणि पाय मोडलेला माणूस आधी ती चाचपत होता म्हणून तुम्ही हसलात, तीच. कळसूबाई, रतनगड, सांदण दरी, दरसालच्या सगळ्या भटकंत्या तिच्यात आहेत. कुणाकडून किती घेतले, चहा किती, टपावरच्या सामानाचे किती. आमची लग्नं झाली, एकाचं मोडलं, एकाला शुगर निघाली, एक पाच वर्षं मस्कतला राहून आला. वर्षातून एकदा निघायचं मात्र राहिलं नाही. भांडणंही नियमानं व्हायची. रतनगडाच्या पायथ्याला तर खजिनदार आणि मी चार रुपयांवरून अख्खा दिवस बोललो नव्हतो. रात्री थंडी वाजायला लागली तेव्हा एकच घोंगडी होती, मग बोलावं लागलं.

त्या दिवशी उशीर झाला तो आमच्याच हावरटपणानं. कोकणकड्यावर सकाळी ऊन पाठीशी असलं आणि समोर दरीत धुकं भरलेलं असलं की धुक्यावर आपली सावली पडते आणि तिच्याभोवती रंगीत गोल उमटतो. इंद्रवज्र म्हणतात त्याला. कर्नल साईक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३५ मध्ये याच गडावरचं ते दृश्य लिहून ठेवलंय, हे आमचा भूगोलाचा मास्तर आम्हाला दर वेळी नव्यानं सांगतो. दहा माणसं ओळीनं उभी राहिली तरी प्रत्येकाला गोल दिसतो तो स्वतःच्याच सावलीच्या डोक्याभोवती, हेही सांगतो. इतकी वर्षं ऐकतोय, एकदाही दिसलेलं नाही. त्या दिवशी धुकं होतं, ऊन येईना. आता येईल, मग येईल, करत दुपार कड्यावरच गेली. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "आमी ल्हानपनी ढोरं घेऊन जायचो तवा लय डाव बघितलाय." मास्तराचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

पाचनईच्या वाटेनं उतरताना ओणवा कडा संपला आणि पाऊस कोसळायला लागला. ओढ्याआधीच्या शेवाळलेल्या कातळावर खजिनदार घसरला. सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला. पुढं त्याला कसं आणलं ते सांगत नाही, तुम्ही आणि तुमचे मालक कंदील घेऊन सामोरे आलातच. ओढ्याला पाणी चढलेलं, फोनला रेंज नाही. सकाळपर्यंत तुमचं घर हाच दवाखाना. तुमच्या मालकांनी बांबूच्या कामट्या काढल्या, तुम्ही जुनं लुगडं फाडलंत आणि पाय बांधला. पुण्यात डॉक्टर म्हणाले, बांधलं कुणी? चांगलं बांधलंय.

आता फाट्यांचं.

रात्रीचे दहा झाले असतील. खजिनदार भिंतीला टेकून बसला होता आणि आम्ही चौघं त्याच्याभोवती कोंडाळं करून. आमचा धीर द्यायचा प्रकार तुम्ही ऐकलात. जुने विनोद, रॉकेलच्या भाताची गोष्ट, "अरे, तुला काय होतंय", "उद्या पळशील". तोही हसत होता. चार खांबांतला एकच उरलाय तो केदारेश्वर, आता मीही एका खांबावर, असं काहीतरी म्हणाला. दात मात्र आवळलेले होते. मध्येच तुम्ही चुलीपाशी उठलात आणि आम्हाला म्हणालात, "भाऊ, जळान संपलं. तुमी चौघं जरा मागं जाऊन फाट्या आना. घाई नका करू. आंधार हाये."

आम्ही गेलो. बॅटरी घेऊन, इरल्याखाली दोघं दोघं. भर पावसात कसल्या फाट्या मिळणार? अर्धा तास चिखल तुडवला, चार ओल्या काटक्या घेऊन आलो. मी मनात म्हणालोसुद्धा, बाई जरा विचित्रच दिसते, असल्या वेळी पाहुण्यांना कामाला लावते. हे मी तुम्हाला आज कबूल करतो. परत आलो तेव्हा चूल चांगली पेटलेली होती आणि खजिनदार झोपी गेला होता. आम्हाला वाटलं, थकला.

सकाळी पडवीत तोंड धुवायला गेलो. पडवीच्या एका अंगाला वाळलेलं सरपण वाशांपर्यंत रचलेलं. चार महिन्यांचा साठा. मी तिथंच उभा राहिलो. मग काल रात्री आम्ही काय आणायला गेलो होतो?

विचारायचं धाडस झालं नाही. उत्तर मिळालं नवव्या दिवशी, खजिनदाराच्या खाटेशी. पायात सळई घातलेली, बायको घरी डबा आणायला गेलेली. म्हणाला, तुम्ही बाहेर गेलात आणि ती बाई माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "गेली ती. आता रडा." एवढंच. आणि मी रडलो रे, वडील गेले तेव्हाही नव्हतो रडलो. ती काही बोलली नाही, पाठीवर हात नाही, काही नाही. चुलीत लाकडं सारत बसली होती, माझ्याकडं पाठ करून. पत्र्यावर पाऊस इतका होता की तुम्हाला ऐकू आलं नसणार.

नव्हतं आलं. पस्तीसेक वर्षं एका घोंगडीत झोपलेले आम्ही चौघं. याला तेव्हा काय हवंय ते आम्हाला कळलं नाही, तुम्हाला तीन तासांच्या ओळखीत कळलं.

नंतर तुम्ही त्याला तुमच्या मालकांचं सांगितलंत, तेही त्यानं मला सांगितलं. बाळहिरडा काढायला झाडावर चढले, फांदी मोडली, कंबर गेली. तेव्हा वाडीपर्यंत गाडी येत नव्हती. डोलीतून नेलं. सगळी वाडी भोवती होती, आणि ते सगळ्यांना सांगत राहिले, काय नाय झालं, काय नाय झालं. "त्यांला कुनी येकटं सोडलंच नाय," तुम्ही म्हणालात. "मीबी नाय." त्यांचं लंगडणं आम्ही पाहिलं होतं, पण गडी डोलीच्या गाठी इतक्या नेमक्या का मारतो, डोकं चढाकडंच ठेवा असं दोनदा का बजावतो, ते तेव्हा समजलं नव्हतं. त्यांना खांदा देता येत नव्हता म्हणून ते पुढं चालून दगड दाखवत होते. वाडीतल्या चौघा पोरांनी डोली ओढ्यापार काढली. आमचे महागडे बूट तीन वेळा घसरले. त्यांच्या पायात प्लास्टिकच्या चपला होत्या.

आता दोन शब्द दुसऱ्यांबद्दल. नावं घेत नाही, त्यांना ती त्यांच्या आईबापांनी चांगली ठेवली असतील. रस्त्यावर एक मोठी पांढरी गाडी उभी होती, मागं दोन सीटा रिकाम्या. त्या गृहस्थांनी काच चार बोटं खाली केली आणि म्हणाले, सीट कव्हर नवीन आहेत, चिखल लागेल. वर आमचा व्हिडिओ काढला. बहुतेक 'डोंगरात काळजी घ्या' असं काहीतरी लिहून पुढं पाठवला असेल. राजूरपर्यंत नेलं ते शेवटी भाजीच्या पिकअपवाल्यानं, पालकाच्या जुड्या बाजूला सारून. आणि पुण्यातल्या ज्या दवाखान्यात आधी गेलो, तिथं काउंटरवरच्या माणसानं मान वर न करता अनामत रकमेचा आकडा सांगितला. खजिनदार स्ट्रेचरवरून म्हणाला, पावती मिळेल ना? त्या माणसालाही हसू आलं नाही. दुसरीकडं नेला.

भेटायला येणारे सगळे एकच बोलत होते. काय त्या लोकांचं जिणं, बघा, आपण किती सुखी! मला त्याचा राग यायचा. तुमच्याकडं आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात तुम्ही हंडे घेऊन उतरता. भात निघाला की अर्धी वाडी नारायणगावला मजुरीला जाते, पहाटे बाजारात उभी राहते, आज कोण नेतो बघत. हे काय आमचं सुख मोजायला मांडलेलं माप आहे? तुम्ही स्वतः त्या रात्री गाऱ्हाणं सांगितलं नाहीत. मास्तरानंच खोदून खोदून विचारलं, आणि तुम्ही भाकरी थापता थापता उत्तरं दिलीत, भावकीतल्या कुणाची तरी गोष्ट सांगावी तशी.

पण खोटं कशाला बोलू? खजिनदाराला घरी आणलं त्या दिवशी सोसायटीची लिफ्ट उघडली, खुर्ची सरळ आत गेली, मी चारचं बटण दाबलं, आणि माझे डोळे भरून आले. तुमच्या मालकांना त्या वर्षी पावसाळाभर घराच्या उंबऱ्याबाहेर पडता आलं नव्हतं, ते आठवलं. म्हणजे मीही मोजलंच. आभार मानताना माणूस कुठंतरी दुसऱ्याच्या अंगणात डोकावतोच, असं दिसतंय. राग यायचा थांबलेला नाही, एवढंच.

निघताना आम्ही पैसे पुढं केले होते. तुम्ही बोटांवर मोजून पाच ताटांचे घेतलेत, पिठलं-भाकरीचा जो दर पाटीवर लिहिलाय त्या दरानं. वर ठेवलेल्या नोटा परत खजिनदाराच्या खिशात घातल्यात. "जेवनाचं घेते. त्ये माजं दुकान हाये," म्हणालात. लुगड्याचे तरी घ्या म्हटलं, तर म्हणालात, त्ये जुनंच व्हतं.

परवा त्यानं वही उघडली. पिकअप, चहा, दुसऱ्या दवाखान्यापर्यंतची रिक्षा, सगळं लिहिलंय. पाच ताटं लिहिलीत. त्याखाली 'ताई' लिहून रकमेच्या रकान्यात काहीच नाही. मी म्हटलं, अरे, इथं राहिलंय. त्यानं वही मिटली आणि नेहमीसारखी शर्टाच्या आत ठेवली. घरात बसला होता, पाऊसबिऊस काही नव्हता.

दिवाळीनंतर येतोय. वर गडावर जाणार नाही, त्याला अजून काठी लागते. गाडी जिथवर येते तिथवर गाडीनं, पुढं हळूहळू. मास्तराला इंद्रवज्र कुठल्या महिन्यात, किती वाजता, कुठं उभं राहून बघायचं ते तुमच्याकडून लिहून घ्यायचंय, वही-पेन घेऊन येतोय. तुमच्या मालकांसाठी कमरेचा पट्टा आणतो. खजिनदाराच्या डॉक्टरांना विचारलंय, पण आधी एकदा त्यांनी तपासलं तर बरं, त्याचंही समोरासमोर बोलू. हे दुकानात धरू नका.

पाच ताटं सांगून ठेवतो. खजिनदाराच्या पिठल्यात मिरची कमी, ते तुम्हाला माहीत आहेच.

तुमचा,
फाट्या आणायला गेलेल्यांपैकी एक