अनुभवपत्र नाही म्हणून हातची नोकरी सोडू नकोस

वाळूज, छत्रपती संभाजीनगर

प्रिय दोस्ता,

फोनवर तुझा आवाज ऐकून जीव कालवला. चाकणच्या कंपनीची ऑफर हातात आहे आणि बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, म्हणजे जुन्या नोकरीची पडताळणी, अडकलंय. ज्यानं अनुभवपत्र द्यायचं तो ठेकेदार फोन उचलत नाही, जुन्या कंपनीचा एचआर म्हणतो, तू आमचा नाहीसच. ‘राहू दे, नशिबात नाही’ हे तुझं बोलणं मला अजिबात पटलं नाही. म्हणून सविस्तर लिहितोय.

मी टाइम ऑफिसात बसतो, पडताळणीचे असे रिपोर्ट रोज बघतो. त्यात दोन शेरे असतात. एक, ‘पडताळणी होऊ शकली नाही’. दुसरा, ‘माहितीत तफावत’. पहिला आला की एचआर उमेदवाराकडं कागद मागतो, आणि कागद पक्के असले तर बहुतेक वेळा काम होऊन जातं. पोरं अडकतात ती दुसऱ्यात. ठेकेदार गप्प बसला तर फार तर पहिला शेरा येईल. दुसरा येऊ द्यायचा नाही, आणि ते तुझ्या हातात आहे.

आधी सरकारच्या उमंग ॲपवर यूएएन, म्हणजे तुझा पीएफचा नंबर, टाकून पीएफचं पासबुक काढ. प्रत्येक महिन्याची वेगळी ओळ दिसेल: एका रकान्यात तुझ्या पगारातून कापलेले १२ टक्के, शेजारी मालकाचा हिस्सा, त्याच्या पुढं पेन्शनला गेलेली रक्कम. कोणता महिना भरला ते त्यात आहे, आणि ते पुसणं कुणा साहेबाच्या हातात नाही. आता वर आस्थापनेचं नाव बघ. तिथं ठेकेदाराचं नाव असणार, कंपनीचं नाही. बायोडेटात मात्र तू सरळ कंपनीचं नाव टाकलंयस. आपल्या एमआयडीसीतली कितीतरी पोरं नेमकी इथं फसतात. खोटं बोलायचं कुणाच्या मनात नसतं. ज्या गेटातून रोज आत जातो, ज्या कँटीनला जेवतो, ती आपलीच कंपनी वाटते. पण पडताळणीवाला कंपनीला विचारतो, कंपनी सांगते ‘आमच्या रोलवर (नोकरांच्या यादीत) नव्हता’, आणि झाली तफावत.

तेव्हा त्यांनी विचारायची वाट बघू नकोस. आजच चाकणच्या एचआरला मेल टाक: अमुक ठेकेदाराच्या रोलवर, तमुक कंपनीच्या प्लांटमध्ये, या तारखेपासून या तारखेपर्यंत कामाला होतो, ठेकेदार प्रतिसाद देत नाही, सोबत पीएफ पासबुक, पगार जमा झालेलं बँक स्टेटमेंट, असतील तेवढ्या पगाराच्या स्लिपा आणि गेटपासचा फोटो जोडत आहे. पगारातून टीडीएस (आयकर) कापला असेल तर आयकराच्या साइटवरचा त्याचा उतारा, २६एएस, तोही जोड. तुझ्या पगारात बहुधा कापला नसेल. लाइन इनचार्ज तुला चांगला ओळखत होता ना? त्याला विचारून त्याचा नंबर संदर्भ म्हणून दे.

पीएफच्या रेकॉर्डला नोकरी सोडल्याची तारीख भरलीय का, तेही बघ. ठेकेदार ती भरत नाहीत आणि कागदावर माणूस अजून तिथंच कामाला दिसतो. सोडून दोन महिने उलटले असतील तर पीएफच्या पोर्टलवर आधारच्या ओटीपीनं ती स्वतः भरता येते. शेवटचा भरणा कोणत्या महिन्याचा आहे ते बघूनच भर, चुकलं तर निस्तरणं अवघड.

ठेकेदारालाही सोडायचं नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्ये व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीची २०२० ची संहिता आहे. कंत्राटी कामगारानं मागितलं तर ठेकेदारानं अनुभव प्रमाणपत्र द्यायचं, असं तिच्या कलम ५६ मध्ये लिहिलंय. पिढ्यान्‌पिढ्या आपली माणसं साखर कारखान्यापासून कंपनीपर्यंत मुकादमाच्या तोंडी शब्दावर राबली, म्हणून हे कलम मला फार मोलाचं वाटतं. अर्ज स्पीड पोस्टानं पाठव. नाव, यूएएन, काम, तारखा आणि प्रमाणपत्राची मागणी, एवढंच लिही. राहिलेल्या पगाराचं भांडण त्यात घालू नकोस, ते वेगळ्या अर्जात. एक प्रत कंपनीच्या एचआरला दे. पोस्टाची पावतीही चाकणला पाठव, म्हणजे तू हातावर हात ठेवून बसला नव्हतास हे त्यांना दिसेल.

लेटरहेड छापून देतो म्हणणारा कुणीतरी भेटेलच. त्याच्या वाऱ्यालाही उभा राहू नकोस. तू मशीनवर खरं काम केलंयस, घामाचा पगार घेतलायस. एका बनावट कागदापायी ते सगळं खोटं ठरेल, वर गुन्हा दाखल व्हायची भीती. मधले बिनकामाचे महिनेही लपवू नकोस. अप्पांचा दवाखाना होता, सोयाबीनची रास होती. जसं होतं तसं एका ओळीत लिही. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मेल पाठवायच्या आधी मसुदा मला व्हॉट्सॲपवर टाक. पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटोही पाठव, तारखा मी पडताळून देतो. रविवारी मला सुट्टी आहे, सकाळीच फोन कर.

अप्पांना आणि काकूंना नमस्कार सांग.

तुझाच मित्र