कुलगुरूंचे परदेश दौरे आणि कागदावरच मेलेले करार

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

आमच्या भागातल्या एका विद्यापीठाने परदेश दौऱ्यात केलेला सामंजस्य करार नुकताच मुदत संपून बाद झाला. इकडून एक विद्यार्थी गेला नाही, तिकडून एक प्राध्यापक आला नाही. खेड्यातल्या पोरांना जगाची दारं उघडून देऊ, असं तेव्हा व्यासपीठावरून सांगितलं होतं. म्हणून हे पत्र जाहीर लिहीत आहोत.

घोळ तारखेपासूनच सुरू होतो. निधी मार्चअखेर खर्ची पडला पाहिजे, म्हणून दौरा मार्चात. जर्मनीत हिवाळी सत्राची व्याख्यानं फेब्रुवारीच्या मध्यात संपतात आणि उन्हाळी सत्राची एप्रिलमध्ये सुरू होतात. मार्चात वर्ग रिकामे असतात. आंतरराष्ट्रीय कार्यालयातले अधिकारी भेटतात, फोटो निघतो. अभ्यासक्रमावर बोलायला प्राध्यापक समोर नसतो. जायचं तर मे-जूनमध्ये किंवा नोव्हेंबरात जा.

दुसरं, जातं कोण? २०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने कुलगुरूंना मुदत ५ वर्षांची, तीही वयाच्या ६५पर्यंतच. शेवटच्या वर्षात गेलेले कुलगुरू सही करून येतात तोवर नव्यांचा शोध सुरू झालेला असतो. फाइल कपाटात जाते. किमान ३ वर्षं शिल्लक असतील त्यांनाच पाठवा, आणि सोबत संबंधित विभागाचा प्राध्यापक व परीक्षा विभागाचा माणूस द्या. कारण करार अडतो तो श्रेयांकांवर, म्हणजे क्रेडिटवर.

युरोपात वर्षाचे श्रेयांक ६०, एक श्रेयांक म्हणजे २५ ते ३० तासांचं काम. आपल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाचे ४०, एकाला ३० तास. तासांनी नव्हे, वर्षाच्या वाट्याने हिशेब केला तर तिकडचं ३० श्रेयांकांचं, म्हणजे अर्ध्या वर्षाचं सत्र इकडे साधारण २० धरायचं. पण तिकडचा कोणता पेपर इकडच्या कोणत्या पेपराऐवजी चालेल, हा तक्ता विद्यार्थी निघण्याआधी अभ्यास मंडळातून आणि विद्या परिषदेतून मंजूर व्हावा लागतो. तो नसला तर परत आल्यावर परीक्षा विभाग गुणपत्रिका मानत नाही आणि अख्खं सत्र बुडतं. हे ठाऊक असताना कोणता बाप पोरीला पाठवेल?

पैशाचं कारण दर वेळी पुढे करू नका. इरास्मस प्लस या युरोपीय संघाच्या योजनेतून विद्यार्थी-प्राध्यापकांच्या देवाणघेवाणीला पैसे मिळतात; त्या देवाणघेवाणीचा अर्ज युरोपातलं विद्यापीठच करतं. त्यात आपलं नाव यायला दोन्हीकडच्या विभागांची आधी ओळख लागते. दौऱ्यात ती करून घ्यायची असते.

आणि पाहुण्यांना इकडे का बोलावत नाही? बेसाल्ट खडकात उल्का आदळून झालेलं लोणारचं आघाती विवर बुलढाण्यात आहे. २००९मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणारं मेंढा-लेखा हे गाव गडचिरोलीत आहे. भूशास्त्र आणि वनव्यवस्थापन शिकवणाऱ्या कोणत्याही विद्यापीठाला हे हवंय. पण पाहुणे नागपुरात उतरतात आणि नागपुरातूनच परत जातात. पुढच्या गावांत त्यांची राहण्याची धड सोय नाही, आणि ती करायला विद्यापीठाकडे माणूस नाही.

माणूस असणार तरी कुठून? पदं रिकामी ठेवायची, तासिका तत्त्वावर वर्ग चालवायचे आणि वर नॅकची, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन परिषदेची, श्रेणी मागायची! विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांत परदेशी विद्यापीठासोबत संयुक्त पदवीसाठी नॅकचे किमान ३.०१ गुण किंवा एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीच्या विद्यापीठ यादीत पहिल्या १००मध्ये नंबर असावा लागतो. ही अट मुंबईला तीच आणि गडचिरोलीला तीच. पूर्णवेळ प्राध्यापक नाहीत म्हणून गुण कमी, गुण कमी म्हणून संयुक्त पदवीचा करार नाही. तासावर पैसे घेणाऱ्या माणसाने कोणाच्या भरवशावर परदेशी विभागाशी पाच वर्षांचं काम अंगावर घ्यावं? शिकवतो तोच, पोरं ओळखतो तोच, पण दौऱ्याच्या यादीत त्याचं नाव कधीच नसतं. मंत्री महोदय, विदर्भाचा अनुशेष सिंचनापुरता नाही, तो आमच्या वर्गांतही आहे.

पुढच्या दौऱ्यांच्या याद्या मंजूर करण्याआधी एवढं करा: श्रेयांक तक्त्याचा मसुदा जोडलेला नसेल तर परवानगी देऊ नका. परतल्यावर ३० दिवसांत अहवाल विद्यापीठाच्या संकेतस्थळावर टाकायला लावा. कोणत्या विभागाशी बोलणं झालं, पुढचं काम कोणाकडे आणि पहिला विद्यार्थी कोणत्या सत्रात निघणार, हे त्यात नावानिशी असू द्या.

आपले,
ग्रामीण विदर्भातील महाविद्यालयीन शिक्षक