चार हजारांचा हिशोब

चि. सौ. ताई,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, क्लासवाले सर पूर्णवेळ या म्हणतायत, 9,000 देतील, बी.एड. सोडून देते. तेव्हा मी काही बोलले नाही. मला हिशोब कागदावरच जमतो.

आत्ता संध्याकाळच्या क्लासचे तुला 5,000 मिळतात. म्हणजे वाढणार 4,000. जावईबापूंचे शिरोलीच्या कारखान्यातले 15,000 आणि तुझे 9,000 धरले की वर्षाचे 2 लाख 88 हजार झाले. लाडकी बहीण योजनेला अडीच लाख उत्पन्नाची मर्यादा आहे, आणि तुम्ही आज 2 लाख 40 हजारांवर, अगदी काठावर. तिचे महिन्याचे 1,500 बंद होणार. उरले अडीच हजार. सासूबाई छकुलीला तुझ्या कॉलेजपुरतं सांभाळतात. सकाळपासून रात्री आठपर्यंत त्यांच्यानं होणार नाही. मग बाई लावायची, आणि ते अडीच हजार तिच्या हातात ठेवायचे. एवढ्यासाठी बी.एड. सोडायचं?

"रोख घेऊ, कुठं दाखवायचे नाहीत" असं मनात असेल तर ते काढून टाक. 2024 च्या पावसाळ्यात गावातल्या बायकांचे फॉर्म मीच भरलेत. पडताळणी आली की लोक आधी अंगणवाडीच्या बाईकडं बघतात. माझ्याच लेकीचं नाव त्यात नको.

तुझा प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी प्रवेशफेरीतून झाला, म्हणून फी माफ आहे. त्या माफीला मर्यादा 8 लाखांची, तिथं तुला धोका नाही. फक्त महाडीबीटीच्या सरकारी साइटवर दुसऱ्या वर्षाचा अर्ज वेळेत भर. गेल्या वर्षी शेवटच्या दिवशी साइट बंद पडली म्हणून रडलीस, आठवतंय ना?

  लाडकी बहीणचा हप्ता किराण्यात धरू नकोस; तो येतो तेव्हा येतो, दुकानदार तोवर थांबत नाही. त्यातनं पुस्तकं घे, छकुलीचं औषधपाणी बघ.

छकुलीचं नाव अजून माझ्याच अंगणवाडीत आहे, हे माझं चुकलं. आता तोंडाचा फोटो जुळल्याशिवाय घरपोच आहाराचं पाकीट देता येत नाही, आणि तू इथं कुठं असतेस? पोषण ट्रॅकरवर, आमच्या अंगणवाडीच्या अ‍ॅपवर, नाव तुझ्या गल्लीतल्या अंगणवाडीत बदलून देते. तीन वर्षांची झाली की तिथंच बसेल, गरम खिचडी खाईल, सासूबाईंनाही दोन घटका पाठ टेकता येईल.

खरी अडचण इंटर्नशिपची आहे. सोळा आठवडे शाळेत, तिथं हजेरी 90 टक्के लागते. तासांना 80 चालते, तिथं थोडी सवलत मिळेल. इथं नाही. तेवढे दिवस छकुलीला माझ्याकडं ठेव, असं मी परवापर्यंत म्हणणार होते. इतकी लेकरं सांभाळते, त्यात आपली एक जड नाही. पण तू दोन वर्षांची असताना माझ्या प्रशिक्षणासाठी तुला आजोळी ठेवलं होतं. चार महिन्यांनी न्यायला आले तर तू आजीच्या पदराआड लपलीस. ते मी तुला कधी सांगितलं नव्हतं. म्हणून आग्रह करत नाही. तुम्ही दोघं ठरवा. ठेवणार असाल तर दर रविवारी यायचं, एवढीच अट.

परीक्षा होईपर्यंत दर महिन्याला माझ्या मानधनातले 2,000 तुला पाठवते. उसने समज हवं तर. सरांना सांग, संध्याकाळचीच बॅच घेईन.

शनिवारी गडहिंग्लजहून एसटीनं येते, आम्हा बायकांना तिकीट अर्धंच. उत्पन्नाचा दाखला, आधार, पासबुक एका पिशवीत काढून ठेव. लाडकी बहीणच्या तुझ्या ई-केवायसीचा ओटीपी जावईबापूंच्या मोबाइलवरही येणार आणि तो मोबाइल दिवसभर कारखान्याच्या गेटवर जमा. ते रात्री घरी आले की आधी तेवढं उरकू, मग जेवू. छकुलीला नाचणीचं सत्त्व आणतेय.

तुझी,
आई