घर घेतलं, आबा

सॅन अँटोनियो, टेक्सास
१५ जून २०२५

ती. आबा व सौ. आई यांना साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. आई, जेवणाखाण्याचं सगळं नीट चाललंय, तेव्हा पुढचं न धसकता वाच. परवा सह्या झाल्या, किल्ली हातात आली. फोनवर एवढंच सांगितलं तर आबा गप्प झाले, म्हणून हे पत्र.

पैसे कुठून आणले? आणलेच नाहीत. इथे फौजेत नोकरी केलेल्याला पदरचं काही न घालता घरासाठी पूर्ण कर्ज मिळतं. देते बँकच. सरकार त्यातल्या साधारण पाव हिश्श्याला जामीन राहतं. जामीन म्हटल्यावर तुमच्या कपाळाला आठी पडली असेल. पतसंस्थेत जामीन राहिलात आणि दुसऱ्याचे हप्ते पेन्शनीतून भरलेत. पण आबा, इथे जामीन आपण नाही, सरकार आहे. हप्ता मात्र माझाच, ३० वर्षं.

या सवलतीचा कायदा झाला २२ जून १९४४ ला. पुढे १८ दिवसांनी, १० जुलैला, इटलीत आपल्या मराठा रेजिमेंटचे यशवंत घाडगे लढताना पडले. बेळगाव सेंटरमधली ती गोष्ट तुम्ही किती वेळा सांगितलीत! तारीख वाचली आणि फॉर्म जरा वेळ तसाच बाजूला ठेवला. परक्या फौजेचा गणवेश घातला म्हणून तुम्ही मला कधी बोलला नाहीत. बोलला असतात तर बरं झालं असतं, असं कधी कधी वाटतं. २०१४ ला इथल्या फौजेने मला घेतलं ते हिंदी येते म्हणून, आणि हिंदी मी शिकले तुमच्या बदल्यांमागे फिरत, छावण्यांतल्या केंद्रीय विद्यालयांत. म्हणजे या घरात थोडा वाटा तुमचाही धरा.

"भाड्याने दे आणि परत ये," असं दादा म्हणाला. तसं चालत नाही. साधारण ६० दिवसांत स्वतः राहायला यावं लागतं. गुंतवणुकीसाठी ही सवलत नाहीच.

आधी एक जुनं घर पसंत केलं होतं, अंगणात पिकानचं झाड. सरकारच्या यादीतला मूल्यमापक आला आणि खिडक्यांच्या पोपडे धरलेल्या रंगावर अडला. १९७८ च्या आधीच्या घरांच्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून खरवडून नवा रंग दिल्याशिवाय कर्ज नाही. मालक ऐकेना. व्यवहार मोडला, इसार तेवढा परत मिळाला.

आता घेतलेलं घर ज्या वसाहतीत आहे तिथली एक गंमत सांगते, आई, तुला पटणार नाही. इथे दोरीवर कपडे वाळत घालायचे नाहीत! आपल्याच मागच्या अंगणात, आपलेच कपडे. बाहेर ऊन असं की पापड दोन तासांत कडक व्हावेत, आणि मी आत मशीन लावून, वीज जाळून परकर वाळवते. रहिवाशांची एक संस्था असते, तिला दरमहा पैसे द्यायचे आणि वर तिचंच ऐकायचं. गवत वाढलं की पत्र. कचऱ्याचा डबा दिवसभर रस्त्यावर राहिला की पत्र. दाराला कुठला रंग द्यायचा तेही विचारून. मी शेजारणीला म्हटलं, मग घर नक्की कुणाचं? ती हसली आणि म्हणाली, बँकेचं. तुळशीबद्दल नियम नाही, मी सगळे कागद वाचले.

आता एक राहिलंय. या कर्जावर सरकार २.१५ टक्के शुल्क घेतं. माझ्या २,६०,००० डॉलरवर ते ५,५९० डॉलर झालं असतं, आपल्याकडचे पावणेपाच लाख तरी. मला ते माफ झालं. नोकरीत इजा होऊन भरपाई मिळते त्यांना माफ असतं. २०१६ ला पाठीवर वजन घेऊन चालायच्या सरावात गुडघा गेला. "काम फार आहे, फोन जमत नाही," म्हणाले होते, तो हाच महिना. कागदावर १० टक्के अपंगत्व लिहिलंय, पण तसं काही नाही, जिने चढते, दिवसभर उभी राहते. मांडी घालता येत नाही इतकंच. दादाच्या लग्नात करवलीला खुर्ची द्या.

लग्नाचं म्हणजे, तीन लाख कबूल केले होते, दोनच पाठवतेय. घराच्या किमतीत पदरचं काही घातलं नाही तरी वकिली, विमा, सामान यात हात रिकामा झाला. उरलेले दिवाळीनंतर नक्की. त्यात आधी माजघरावरची कौलं बघा, माझ्यासाठी थांबू नका. इथे एक खोली रिकामीच आहे, पायऱ्या नाहीत. तिकिटाचं मी बघते.

आणि डलासला राहणारं ते मूळ कराडचं स्थळ. आई, एकटीच्या नावावर घर आहे हे त्यांना एवढ्यात सांगू नकोस म्हणतेस. नको, सांगच. कर्ज ३० वर्षांचं आहे हेही सांग, आणि गुडघ्याचंही. मग ते काय म्हणतात ते कळव.

तुमची,
ताई