माडीवर फेकलेली किल्ली

पुणे,
१३ जुलै

प्रिय सुध्या,

तुझं पत्र येऊन महिना झाला. सबब एकच, आळस. आज लिहायला बसलो तेही मिनूमुळे.

ती आता दहावीला आहे. त्यांचा पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा. चाचणीत प्रश्न आला होता: सरळ वर फेकलेली वस्तू सर्वांत उंच जाते त्या क्षणी तिचं त्वरण किती, म्हणजे तिचा वेग दर सेकंदाला कितीने बदलत असतो? आदल्या रात्री मीच तिला ठणकावून सांगितलं होतं, "वेग शून्य, म्हणजे त्वरणही शून्य." बँकेत तीस वर्षं काढली की माणूस कशाबद्दलही ठणकावून बोलतो. मार्क गेला. पेपर माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, "यापुढे तुम्ही फक्त मराठीचं घ्या."

रात्रभर ते डोक्यात होतं आणि मध्येच आपली सायकलची किल्ली आठवली. सायकल एक, किल्ली एक आणि आपण दोघं. मी क्लासवरून आलो की वाड्याच्या अंगणातून हाक मारायची, तू माडीच्या खिडकीतून हात बाहेर काढायचास आणि मी किल्ली वर फेकायची. नेम बसला तर तू ती झाडावरच्या फुलासारखी अलगद खुडून घ्यायचास. पण तू खाली टाकलीस की माझा तळवा झणझणायचा. तेव्हा मला वाटायचं, तू मुद्दाम जोरात मारतोस. (एकदा ती कौलांवर अडकली आणि काकूंनी दोघांनाही सुनावलं, ते वेगळंच.)

तुझ्यावरचा आरोप आज मागे घेतो. माझ्या हातापासून तुझ्या हातापर्यंत पाच मीटर धर. तेवढ्या उंचीला किल्ली जेमतेम पोचवायची तर ती सेकंदाला ९.९ मीटर वेगाने सुटायला हवी, म्हणजे ताशी जवळपास ३६ किलोमीटर. आता वेग म्हणजे खात्यातली शिल्लक समज. पृथ्वी त्यातून दर सेकंदाला ९.८ कापून घेते. सेकंदभरात शिल्लक शून्य, आणि नेमकी तेव्हाच किल्ली तुझ्या हातापाशी. तू अलगद खुडायचास कारण तिच्यात वेग उरलेलाच नसायचा. तू नुसती सोडलीस तरी त्याच पाच मीटरांत ती तोच ताशी ३६ चा वेग पुन्हा कमवून माझ्या तळव्यावर यायची.

मिनूचा मार्कही इथेच गेला. शिल्लक शून्य झाली म्हणून कपात थांबत नाही. तू झेलली नाहीस तर खातं उणे होत जातं, म्हणजेच किल्ली खाली येऊ लागते. त्या क्षणी त्वरण खरंच शून्य असतं, तर पुढे वेग बदललाच नसता आणि आपली किल्ली अजून तुमच्या माडीपुढे हवेत लटकत असती. वाडा पडून तिथे सहा मजले उभे राहिले, तरी!

आणखी एक गंमत हिशेब करताना सापडली. त्या एका सेकंदातल्या पहिल्या अर्ध्यात किल्ली पावणेचार मीटर चढते आणि उरलेल्या अर्ध्यात फक्त सव्वा मीटर. म्हणजे वरच्या पाव उंचीतच तिचा निम्मा वेळ जातो. उंच उडालेला कॅच वर रेंगाळल्यासारखा का वाटतो आणि आपण त्याखाली घाईघाईने आधीच हात का जोडून बसतो, ते मला आत्ता कळलं.

रविवारी आम्ही बापलेकीने जिन्याच्या पोकळीत प्रयोग केला. तिसऱ्या मजल्याच्या कठड्यापासून तळापर्यंत दोरी सोडून मोजली, ९.२ मीटर. खाली वॉचमनना उभं केलं, कुणी मध्ये येऊ नये म्हणून. फोनवर सेकंदाला २४० चित्रांचा व्हिडिओ. टेनिसच्या चेंडूला ३३८ चित्रं लागली, सीझन बॉलला ३३२. त्यावरून त्वरण काढलं तर पहिल्याचं ९.२८ आणि दुसऱ्याचं ९.६२. पुण्यात ते खरं तर ९.७८ च्या आसपास असतं. पुस्तकातल्या ९.८ पेक्षा किंचित कमी, कारण आपण विषुववृत्ताच्या बऱ्यापैकी जवळ आहोत आणि समुद्रापासून साडेपाचशे मीटर उंचावर. बाकीची तूट हवेने खाल्ली. टेनिसचा चेंडू हलका, त्याला हवा जास्त अडवते. मिनू लगेच म्हणाली, "म्हणजे जड वस्तू आधी पडते!" तेव्हा तिला १९७१ सालची ती फिल्म दाखवली. अपोलो १५ चा डेव्हिड स्कॉट चंद्रावर हातोडा आणि ससाण्याचं पीस एकदम सोडतो आणि दोन्ही एकदमच जमिनीला लागतात. तिथे हवाच नाही. तिने तीनदा पाहिली. चंद्रावर आपली किल्ली त्याच जोराने फेकली असती तर ३० मीटर वर गेली असती. तू कुठून झेलणार?

हवेमुळे आणखी एक होतं: वर जायला जेवढा वेळ, त्यापेक्षा खाली यायला जास्त. रस्त्यात वेग गळत जातो, त्यामुळे परतताना किल्ली फेकली होती तितक्या वेगाने येत नाही. किल्लीच्या बाबतीत हा फरक नगण्य, पिसाच्या बाबतीत डोळ्यांनी दिसेल इतका. हे मी मिनूला सांगितलं नाही. आधी स्वतः ताडून पाहीन.

पुढच्या २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, तिला आयुकात, म्हणजे विद्यापीठातल्या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्रात, न्यायचं ठरवलंय. तिथे आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. न्यूटनच्या झाडाच्या वंशातलं सफरचंदही तिथे लावलं होतं, पण पुण्याची हवा त्याला मानवली नाही.

तू दिवाळीला येतोयस ना? आमच्या नव्या घराची बेल बंद आहे, खालून हाक मार. किल्ली वर फेकायचा मोह झालाच तर तिसरा मजला आहे, ताशी ४४ ने सोडावी लागेल. खांदा अजून चालतोय का, तेवढं कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
नंदू