'हेरिटेज बॅले संच' आणि त्यासोबतच्या इतिहास-पुस्तिकेबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: वर्णनाशी न जुळणारा माल, पुस्तिकेतली चुकीची माहिती आणि पणत्यांची धोकादायक जाहिरात

महोदय/महोदया,

पुण्यात मुलींचा एक छोटा बॅले वर्ग चालतो, त्याचा कपडेपट मी सांभाळते. वार्षिक कार्यक्रमासाठी आम्ही तुमच्याकडून 'हेरिटेज बॅले संच' मागवले, एकूण आठ. प्रत्येक संचात एक लिओटार्ड (अंगाला चिकटून बसणारा एकसंध कपडा), एक आखूड टुटू (बॅले नर्तकीचा नेटच्या थरांच्या घेराचा पोशाख), एक लांब टुटू आणि बॅलेच्या पोशाखाचा इतिहास सांगणारी गुळगुळीत कागदाची रंगीत पुस्तिका. पैसे आगाऊ घेतलेत. माल पाहिला त्याच दिवशी परतीची विनंती टाकली, तर उत्तर आलं: उत्पादन फोटोप्रमाणेच आहे, आणि पाकीट फोडल्यामुळे परत घेता येणार नाही. पाकीट न फोडता आतला कपडा कसा तपासायचा, ते काही कळवलेलं नाही.

फोटोप्रमाणे आहे, कबूल. वर्णनाप्रमाणे नाही, म्हणून हे पत्र.

आधी आखूड टुटू. वर्णनात लिहिलंय, 'कारिन्स्का शैलीचा पावडर-पफ टुटू', आणि पुस्तिका म्हणते की पोशाखकार बार्बरा कारिन्स्का यांनी टुटूत पोलादी कडी बसवून त्याला ताठपणा दिला. बाईंनी कडी काढली हो! न्यूयॉर्क सिटी बॅलेच्या 'सिंफनी इन सी'साठी १९५० साली त्यांनी हा टुटू केला. नृत्यदिग्दर्शक बॅलन्शिनच्या त्या रचनेत शेवटी रंगमंचावर पन्नासेक नर्तक दाटीवाटीने उभे असतात. कडीचे थाळीसारखे टुटू एकमेकींना घासले की एका बाजूने दबतात आणि दुसऱ्या बाजूने वर उचलले जातात. म्हणून कारिन्स्कांनी कडीला रजा दिली, नेटचे थर कमी केले, आखूड ठेवले आणि कच्च्या टाक्यांनी सैल अडकवले. कडीशिवायचा टुटू म्हणून मी जास्त पैसे मोजले आणि आतून निघाली तार. तिची दोन टोकं चिकटपट्टीने जोडलेली. पहिल्याच तालमीत चिकटपट्टी सुटली, तार शिवणीतून बाहेर आली आणि एका मुलीच्या मांडीवर बोटभर लांब ओरखडा उठला. फोटो जोडला आहे.

नेटही टुटूचं नाही. लग्नाच्या लेहंग्याखाली लावतात ते कॅनकॅन आहे, पुण्यात रविवार पेठेत मीटरवर मिळतं. आणि ते तुम्ही थेट कमरेच्या इलास्टिकवर चुण्या घालून लावलंय. टुटूचा घेर कमरेपासून सुटत नाही. कमरेपासून कुल्ल्यांपर्यंत अंगाला घट्ट बसणारी पट्टी असते, तिच्याखाली चड्डीवर झालरीचे थर एकाखाली एक शिवत नेतात, मागे हूक लावतात. तरच तो नर्तकीबरोबर वळतो. तुमच्या इलास्टिकवर मुलगी गिरकी घेऊन थांबते आणि टुटू अजून फिरतच असतो. टुटू आखूड झाला तोच या गिरक्यांपायी. इटालियन नर्तकी सेंट पीटर्सबर्गला गेल्या तेव्हा त्यांचं पायांचं काम लांब घेरात झाकून जात होतं. व्हर्जिनिया झुकीने १८८५ मध्ये तिथे आखूड टुटूचा हट्ट धरला. पियेरिना लेन्यानीने १८९५ साली 'स्वान लेक'मध्ये एका पायावर सलग ३२ फुएत्ते (एक प्रकारच्या गिरक्या) घेतले, ते प्रेक्षकांना मोजता यावेत एवढा पाय तरी दिसायला हवा की नको?

वरची चोळीसुद्धा सरळ धाग्यावर कापलेली, ताण न देणारी सॅटिनची, मागे प्लास्टिकची चेन. कारिन्स्का काही तुकडे उरेब, म्हणजे तिरक्या धाग्यावर, कापायच्या, त्यामुळे श्वास घेताना कापड सरकतं. आमच्या मुलींपैकी निम्म्यांना चेन लावल्यावर दीर्घ श्वास घेता येत नाही. नाचायचं कसं?

लिओटार्डबद्दल थोडक्यात. पुस्तिकेच्या दुसऱ्या पानावर छापलंय की 'सुप्रसिद्ध बॅले नर्तक ज्यूल्स लिओटार्ड यांनी १८३२ मध्ये' हा कपडा तयार केला. १८३२ साली तो जन्मालाही आलेला नव्हता. आणि तो नर्तक नव्हे, तुलूझचा कसरतपटू. १८५९ साली पॅरिसच्या सर्कशीत एका झुल्यावरून दुसऱ्या झुल्यावर झेप घेणारा तो पहिला. दोऱ्यांत काही अडकू नये म्हणून अंगाला चिकटलेला विणीचा कपडा घालायचा. सर्कशीतून हा कपडा बॅलेच्या तालमीच्या खोलीत आला. मग बॅलन्शिनने 'द फोर टेम्परामेंट्स'मधले १९४६चे भरगच्च पोशाख १९५१ मध्ये काढून टाकले आणि नर्तकांना तालमीच्याच कपड्यांत रंगमंचावर उभं केलं. तेव्हापासून हा कपडा लपवायचा राहिला नाही, म्हणून त्याची बसण नीट हवी. तुमचं 'कॉटन-लायक्रा' आडवं ताणतं, उभं अजिबात ताणत नाही. मुलीने हात वर केला की खांदा कचतो आणि खालून कपडा वर ओढला जातो. ताण उभाही लागतो, हे शिवणाऱ्याला पहिल्या नगातच कळायला हवं होतं.

आता लांब टुटू. माझा खरा राग याच्यावर आहे.

१८३२ हे साल तुम्ही बहुधा इथूनच उचललं असावं. त्या वर्षी १२ मार्चला पॅरिस ऑपेरात मारी ताल्योनी 'ला सिल्फीद' नाचली. पोटऱ्यांपर्यंतचा, घंटेसारखा, पातळ पांढऱ्या कापडाच्या थरांचा तिचा पोशाख युजेन लामीच्या नावावर आहे. पाऊल चवड्याच्या टोकावर उभं राहिलेलं दिसावं एवढाच तो आखूड होता. ऑपेरात गॅसचे दिवे १८२२ मध्येच आले होते. त्या उजेडात पांढरं कापड धुक्यासारखं दिसे. 'जिझेल' या बॅलेच्या दुसऱ्या अंकातल्या विलींसाठी (लग्नाआधी मेलेल्या मुलींची भुतं) आम्हाला हाच पांढरा हवा होता. तुम्ही निळसर झाक असलेलं नेट पाठवलंत, त्यावर डिंकाने चिकटवलेली चमकी. अर्ध्या तासात ती फरशीवर आली आणि मुलींच्या केसांत गेली.

पण धुक्यासारखं दिसणारं हे कापड गॅसच्या ज्योतीला भराभर पेटायचं. लंडनमध्ये नर्तकी क्लारा वेब्स्टर १८४४ मध्ये अशीच गेली. पॅरिसमधली एमा लिव्री ही ताल्योनीची लाडकी शिष्या. ताल्योनीने तिच्यासाठी १८६० साली 'ल पापियाँ' बसवलं, त्यात नायिका फुलपाखरू होऊन मशालीकडे ओढली जाते. त्या काळात कपडे तुरटीसारख्या क्षारात बुडवून आगीपासून राखायची कार्तेरोनची पद्धत होती, ती वापरण्याचा सरकारी आदेशही होता. पण बुडवलेलं कापड मळकट आणि ताठ दिसतं म्हणून लिव्रीने लेखी नकार दिला. १५ नोव्हेंबर १८६२ च्या तालमीत तिचा घेर दिव्याला लागला. आठ महिने यातना सोसून जुलै १८६३ मध्ये ती गेली, वयाची जेमतेम विशी गाठून. त्या पोशाखाचे जळके तुकडे पॅरिस ऑपेराच्या संग्रहालयात आजही आहेत.

तुमच्या पुस्तिकेत यातलं अवाक्षर नाही. आणि दिवाळीच्या सवलतीच्या जाहिरातीत काय दाखवलंत? पाच-सहा वर्षांची मुलगी, अंगात हाच लांब टुटू, आणि ती उकिडवी बसून पणती लावतेय. घेर जमिनीवर पसरलाय, त्याच्या कडेला पणत्यांची रांग. फोटो काढणाऱ्याला, तो पसंत करणाऱ्याला, छापणाऱ्याला, एकालाही काही वाटलं नाही?

मी तुमच्या नेटची वीतभर पट्टी कापून चिमट्यात धरली आणि मोरीत मेणबत्तीपाशी नेली. भप्प पेटली, मग वितळून काळे थेंब गळायला लागले. असा थेंब कातडीला चिकटला तर निघत नाही. एवढं असून लेबलवर कापडाचा प्रकार नाही, 'ज्योतीपासून दूर ठेवा' एवढी सूचनाही नाही.

पुस्तिकेच्या शेवटच्या पानावरचं 'भारताला बॅलेची पहिली ओळख आमच्यामुळे' हे वाक्यही काढा. रशियन बॅले नर्तकी आना पाव्हलोव्हा १९२०च्या दशकात मुंबईत नाचून गेली आहे. तुमची कंपनी, पावतीवरून दिसतं त्याप्रमाणे, एवढी जुनी नाही.

पणत्यांची ती जाहिरात आजच्या आज उतरवावी, हे सगळ्यात आधी. आठही संचांची पूर्ण रक्कम परत करावी आणि उरलेल्या मालावर ज्योतीबाबतची सूचना लावल्याशिवाय तो विकू नये. पुस्तिका सुधारता येत नसेल तर छापू नये, पुस्तिकेवाचून कोणाचं अडत नाही. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. तसं झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचा मुद्दा तिथे वेगळा मांडेन.

पावती, वर्णनाच्या पानाची छापील प्रत, ओरखड्याचा व तारेचा फोटो आणि जाहिरातीचं कात्रण सोबत जोडत आहे. संच वर्गात बांधून ठेवलेत, ते तुमच्या खर्चाने उचलून न्यावेत. पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन पाठवू नये.

आपली,
एक ग्राहक, पुणे